सोळा घरांचा ठेका

(आपल्या समाजाच्या सभागृहात गेल्या आषाढात झालेल्या पालक-मेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



मला विषय दिला होता ‘तरुण पिढी आणि आपले उत्सव’. विषय मोठा आहे आणि मी लहान माणूस आहे. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, राज्य सरकारच्या नोकरीत उपयंत्री म्हणून लागलो, त्याला वीस वर्षं झाली. भाषणाचा अनुभव म्हणाल तर मंडपात माइकवर ‘हॅलो हॅलो, चेक’ इतकाच. म्हणून मी विषयाचा एक लहानसा तुकडा घेतो, जो मला स्वतःला ठाऊक आहे.

गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी, या सभागृहाच्या मागच्या खोलीत, तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना मी संगणकावर नाचाच्या संगीताचे ठेके बनवायला शिकवतो. मुलं त्याला ईडीएम म्हणतात. आपण सगळे त्याला सरसकट डीजे म्हणतो आणि कपाळाला आठ्या घालतो. मीसुद्धा घालत होतो. तिथूनच सुरुवात करतो.

तीन वर्षांपूर्वीची आपली विसर्जनाची मिरवणूक पुष्कळांना आठवत असेल. माइक, माळा आणि जनरेटर ही खाती नेहमीप्रमाणे माझ्याकडे होती. कार्यकारिणीने ठरवलं होतं की ढोल-ताशा आणि भजन, बाकी काही नाही. पण शेवटच्या वळणावर आपल्याच मुलांनी आपसांत वर्गणी काढून आणलेला टेम्पो येऊन उभा राहिला, त्यावर चार मोठे स्पीकर. वाजायला लागले तेव्हा समोरच्या घराच्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. आपले एक ज्येष्ठ सभासद छातीवर हात ठेवून बाजूच्या ओट्यावर बसले. कुणीतरी ओरडलं, ‘बंद करा रे ते!’ मी कुणाला विचारलं नाही, पुढे जाऊन मुलांशी बोललो नाही. सरळ जनरेटरचा स्विच पाडला.

गाणं मध्येच तुटलं. चार-दोन लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, मोठं काम केलं.

टेम्पोजवळ उभ्या असलेल्या मुलांत माझा मुलगा होता. तेव्हा चौदा वर्षांचा. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, गळ्यातला गमछा काढून घडी केला आणि घरी निघून गेला. पुढच्या वर्षी मंडप उभारायला नेहमीची अकरा मुलं आली नाहीत. आरतीलाही नाही. आणि आपण सगळे इथेच बसून म्हणत होतो की आजकालच्या पोरांना उत्सवाची आवडच राहिली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी त्या अकरांपैकीच एक मुलगा मला बाजारात भेटला. नमस्कार केला, आणि म्हणाला, ‘काका, एक विचारू का? तुम्ही बंद तर केलं, पण ते वाजत कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे का?’ मला वाटलं, पठ्ठ्या अॅम्प्लिफायरबद्दल विचारतोय. मी वॅट आणि ओहम सुरू केले. तो म्हणाला, ‘ते नाही हो काका. तो ठेका बनतो कसा, ते.’

मला माहीत नव्हतं. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि इलेक्ट्रॉनिक संगीत कसं बनतं ते माहीत नाही! त्या रात्री घरच्या जुन्या लॅपटॉपवर एलएमएमएस नावाचा मोफत मिळणारा प्रोग्राम उतरवला आणि शिकायला बसलो.

आता ते काय असतं हे सांगण्यापेक्षा आपण करूनच पाहू. जरा माझ्याबरोबर करा. अध्यक्षांनीही करायचं. उजव्या पायाने सावकाश, सारख्या अंतराने जमिनीवर ठोका द्या. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. छान. ही झाली किक, म्हणजे आपल्या ढोलाचा घुमणारा ठोका. पाय चालू ठेवा. आता दोन आणि चारवर टाळी वाजवा. आजी, तुमचं अगदी बरोबर चाललंय. ही झाली क्लॅप. आता शेवटचं. दोन पावलांच्या बरोबर मध्ये, पाय वर असतो तेव्हा, तोंडाने ‘त्स’ म्हणा. ही झाली हाय-हॅट, म्हणजे आपली झांज समजा.

थांबा आता. हेच ते. ज्याला हाउस म्हणतात त्या संगीताचा कणा एवढाच आहे. जगभरातल्या नाचघरांत रात्ररात्र वाजतं ते मुळात हेच, आणि आपण ते सत्तर-ऐंशी माणसांनी खुर्चीत बसून अर्ध्या मिनिटात केलं.

संगणकावर हेच सोळा घरांत मांडतात. पडद्यावर एका ओळीत सोळा चौकोन असतात. चार ठोके, प्रत्येक ठोक्याचे चार भाग, म्हणून सोळा. किक पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरात. टाळी पाचव्या आणि तेराव्यात. हाय-हॅट तिसऱ्या, सातव्या, अकराव्या आणि पंधराव्यात. मिनिटाला १२० ठोके असा वेग ठेवला तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, एक घर सेकंदाच्या आठव्या भागाचं, आणि सोळा घरांची फेरी दोन सेकंदांत पूर्ण. मग तीच फेरी पुन्हा पुन्हा. त्या फेरीला मुलं लूप म्हणतात, आपण आवर्तन म्हणतो.

मला हे जमलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. हेडफोनमध्ये स्वतः मांडलेला ठेका फिरत होता आणि माझा पाय आपोआप हलत होता. त्याच ठेक्याचा स्विच पाडलेला माणूस मी. बायकोने दारातून पाहिलं आणि म्हणाली, ‘तुम्हाला बरं वाटत नाहीये का?’

पुढच्या महिन्यात कार्यकारिणीकडून मागची खोली मागून घेतली. पहिल्या रविवारी नऊ मुलं आली. मी फळ्यावर ध्वनिलहरी काढल्या, वारंवारता म्हणजे काय ते सांगितलं, अर्धा तास डेसिबल समजावले. दुसऱ्या रविवारी चार मुलं आली. तिसऱ्या रविवारी दोन, त्यातली एक माझी पुतणी, तिला तिच्या आईने पाठवलेलं. आपण जे शिकलो त्याच क्रमाने दुसऱ्याला शिकवायचं, ही माझी चूक. पोहायला शिकणाऱ्याला आधी पाण्याचं रासायनिक सूत्र कुणी सांगत नाही.

मग क्रम उलटा केला. आता आमच्याकडे पहिले दोन रविवार संगणक उघडतच नाही. पहिल्या दिवशी आत्ता तुम्ही केलंत तेच, पाय, टाळी आणि तोंड. ज्याला अंगाने करता येत नाही त्याला माउसने येत नाही, हे माझ्या लवकरच लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी गणिताची चौकटीची वही. सोळा चौकोन आडवे, चार ओळी उभ्या. वाजेल तिथे फुली. प्रत्येकाने आपला ठेका कागदावर लिहायचा आणि शेजाऱ्याने तो वाचून वाजवायचा. जो लिहिलाय तोच शेजाऱ्याने वाजवला तर पास. तिसऱ्या रविवारी लॅपटॉप. तो प्रोग्राम उघडला की वेग १४० वर असतो. आम्ही आधी तो १२० वर आणतो, नाहीतर घाईघाईत काय बसलं आणि काय नाही ते कळत नाही.

त्यानंतर एकच धडा महिनाभर चालतो. सोळाही घरांत हाय-हॅट भरायची, म्हणजे शिवणयंत्रासारखा एकसुरी आवाज येतो. आता एकही घर न बदलता, फक्त काही घरांतला आवाज कमी-जास्त करून त्याला चाल आणायची. मग सम घरं अगदी किंचित उशिरा वाजवायची, सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाने. त्याला स्विंग म्हणतात. तेवढ्याने यंत्र चालायचं सोडून डुलायला लागतं. मुलांना हे ऐकू यायला तीन-चार आठवडे लागतात. एकदा ऐकू यायला लागलं की मग ती मुलं टीव्हीवरच्या जाहिरातीतसुद्धा तेच शोधत बसतात.

मधूनमधून मी त्यांना गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट इकुतारो काकेहाशी यांची. जपानी माणूस. पोरवयात घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं, मग रेडिओ दुरुस्तीत शिरला. १९७२ मध्ये त्याने रोलँड नावाची कंपनी काढली. १९८० मध्ये त्या कंपनीने टीआर-८०८ हे ताल वाजवणारं यंत्र आणलं. समोर सोळा बटणं ओळीने, तीच आपली सोळा घरं. त्यातला ठोका कुठल्या ढोलाचा रेकॉर्ड केलेला नव्हता, आतल्या सर्किटमधून तयार होत होता. टाळी म्हणजे खरखरीचे तीन-चार फटकारे लागोपाठ. झांज म्हणजे सहा ऑसिलेटर एकत्र करून चाळलेला आवाज. लोक म्हणाले, हे खऱ्या ड्रमसारखं वाजतच नाही. सुमारे १२,००० यंत्रं निघाली आणि १९८३ मध्ये उत्पादन बंद झालं. मग ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागली, आणि ज्यांच्याकडे ड्रमर ठेवायला पैसे नव्हते अशा पोरांच्या हाती पडली. त्या पोरांना ते खऱ्या ड्रमसारखं वाजायला नकोच होतं. आज ज्या आवाजाने आपल्या खिडक्या हलतात त्याचं मूळ बरंचसं त्या न खपलेल्या यंत्रात आहे.

दुसरी गोष्ट शिकागोची. ही सांगताना मला जरा ओशाळं होतं. १२ जुलै १९७९ रोजी तिथल्या एका बेसबॉलच्या मैदानात, दोन सामन्यांच्या मध्ये, डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग करून तो स्फोटकांनी उडवला. डिस्को संपवायचा म्हणून लोक खास तबकड्या घेऊन आले होते. एवढा गोंधळ झाला की दुसरा सामना होऊच शकला नाही. आणि पुढच्या काही वर्षांत, त्याच शहरात, वेअरहाउस नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स जुन्या तबकड्या नव्या तऱ्हेने जोडून वाजवत होता. त्या क्लबच्या नावावरूनच हाउस हे नाव आलं असं मानतात. शहरातल्या कृष्णवर्णीय तरुणांनी जुन्या बाजारातल्या ताल-यंत्रांवर ते संगीत वाढवलं. म्हणजे मी स्विच पाडायच्या कितीतरी आधी कुणीतरी माझ्याहून मोठा स्विच पाडून पाहिला होता, आणि त्याचाही उपयोग झाला नव्हता.

तिसरी गोष्ट आपल्या मुंबईची. चरणजित सिंग नावाचे वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवायचे. १९८२ मध्ये त्यांनी तेच टीआर-८०८ आणि त्याच कंपनीची आणखी दोन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि तबकडी काढली. तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चाट पडले, कारण परदेशात जे संगीत नवं म्हणून पुढे गाजलं त्याच्याशी ते विलक्षण जुळत होतं. मुलांना मी ती ऐकवली. एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे हे बाहेरून आलंय असं नाही न, काका?’ मी म्हटलं, यंत्र बाहेरून आलं, हार्मोनियमसारखंच.

आता आपल्या तबल्याच्या गुरुजींबद्दल. ते आज इथे बसले आहेत, त्यांची परवानगी घेऊनच सांगतो. वर्ग सुरू झाल्यावर ते मला रस्त्यात म्हणाले होते, ‘तुम्ही पोरांना हात न वापरता ताल शिकवताय म्हणे.’ लागलं मला. ज्या इंदूरात होळकरांच्या आश्रयाला नाना पानसे पखवाज वाजवत होते, तिथे एक उपयंत्री माउसने ताल शिकवतोय, हे त्यांना रुचणार नाही हे उघड होतं. मी त्यांना एका रविवारी बोलावलं. ते आले, मागे भिंतीला टेकून बसले, तासभर काही बोलले नाहीत.

एक मुलगा आपला ठेका ऐकवत होता. चार-चार ठोक्यांची फेरी चार वेळा. त्याने तिसऱ्या फेरीत किक काढून टाकली होती, नुसती टाळी आणि झांज, आणि चौथ्या फेरीच्या सुरुवातीला किक पुन्हा आणली होती. या संगीतात ही नेहमीची युक्ती. ठोका काढून घेतला की नाचणारा अधांतरी राहतो, परत आला की उसळतो. गुरुजी एकदम म्हणाले, ‘पुन्हा लाव.’ त्याने लावला. गुरुजी बोटांवर मोजत होते. म्हणाले, ‘अरे, चार चोक सोळा. नवव्या मात्रेपासून तू डग्गा काढलास. ही खाली आहे!’

मग त्यांनी तबला मागवला आणि त्रिताल वाजवून दाखवला. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, आणि तिसऱ्या विभागात धिंच्या जागी तिं येतं, डग्ग्याची घुमार निघून जाते. चौथ्यात ती परत येते आणि समेकडे ओढते. मुलांनी तबला पुष्कळदा ऐकला होता, समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमात. पण त्या दिवशी खाली कुठे येते ते पहिल्यांदा ऐकू आलं, कारण तो खड्डा त्यांनी स्वतःच्या हाताने खणून पाहिला होता. दोन मुलं आता गुरुजींकडे बुधवारी तबला शिकायला जातात. आणि गुरुजी महिन्यातून एका रविवारी येतात. अजूनही म्हणतात, ‘हात हवा रे, हात.’ ते बरोबरच आहे. मी मुलांना तेच सांगतो.

एक उपक्रम घरोघरी गाजला, तोही सांगतो. यंत्रातले तयार आवाज सोडून घरातले आवाज मोबाइलवर टिपून आणायचे आणि त्यांचाच ठेका करायचा. कुणी स्टीलचा डबा आणला, कुणी कुकरची शिट्टी. एका मुलीने आजीच्या खलबत्त्याचा ठोका आणला, लसूण ठेचतानाचा. तो तिने टाळीच्या जागी बसवला. खाली लोखंडाचा खणखणीत आवाज आणि वर बारीकसा ओला चिरका. विकतचा आवाज त्याच्यापुढे फिका पडला. आजींना ऐकवलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बाई, माझा खलबत्ता डीजेत गेला!’ आणि मग सुनेला म्हणाल्या, ‘अजून एकदा लाव.’

आता ज्याच्यासाठी मी आज उभा राहिलो तो मुद्दा. आवाज.

आपलं मुलांशी भांडण कशावरून होतं? ठेक्यावरून नाही, आवाजावरून होतं. आणि आवाजाबद्दल आपण त्यांना फक्त ‘कमी कर’ एवढंच सांगतो. वर्गात मी कमी कर असं म्हणणं बंद केलं. त्याऐवजी एक खेळ केला. तोच ठेका दोनदा ऐकवला, दुसऱ्यांदा आवाज जरासा वाढवून. कुठला चांगला म्हणून विचारलं. सगळे म्हणाले दुसरा. मग सांगितलं की दोन्ही एकच होते. मोठा आवाज कानाला चांगला वाटतो, ही फसगत आहे. म्हणून दोन ठेक्यांची तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करायचा, हा वर्गाचा नियम झाला.

दुसरी गोष्ट मुलांनी स्वतः शोधली. किकचा ठोका साधारण ५० हर्ट्झच्या आसपासचा. मोबाइलच्या छोट्या स्पीकरला तो वाजवताच येत नाही, तिथे नुसती टिक ऐकू येते. मोठ्या स्पीकरवर तो येतो, पण बाकीचे आवाज त्यावर चढले तर गढूळ होतो. मुलं आवाज वाढवत गेली, ठोका आणखी गढूळ झाला. शेवटी एकाने बाकीचं सगळं खाली आणलं, किकच्या आजूबाजूची घरं मोकळी केली, आणि कमी आवाजात ठोका छातीत बसला. तेव्हापासून आमच्या खोलीत आवाज वाढवा असं कुणी म्हणत नाही. हॅटचा बारकावा मोठ्या आवाजात दिसतच नाही, हे त्यांना कळलंय. स्वतःचं काम नीट ऐकायचं म्हणून ती आवाज कमी करतात.

मगच मी त्यांना आकडे सांगितले. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. आपल्या देशात २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. कानाच्या आतल्या बारीक केसांच्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ज्याला कानावर काम करायचंय त्याला हे फार समजावावं लागत नाही. सुताराला हाताची काळजी घे म्हणून सांगावं लागत नाही तसंच.

सगळं गोडगोड आहे असं मात्र नाही. मागच्या वर्षी एका मुलाने बाहेरून उतरवलेला तयार ठेका स्वतःचा म्हणून ऐकवला, मित्रांनीच पकडला. आता नियम असा की प्रत्येकाने आपली फुल्यांची वही दाखवायची. दहावीची परीक्षा आली की वर्ग ओस पडतो, आणि ते योग्यच आहे. एका वडिलांनी मला विचारलं, ‘यातून पुढे काय?’ मी खरं सांगितलं की बहुतेकांच्या बाबतीत पुढे काही नाही. नोकरी यातून लागेल असं मी कुणालाही सांगत नाही. आपल्यातले किती भजनी मंडळात गाऊन पोट भरतात? पण गाणाऱ्याला गाणं ऐकता येतं, तेवढं यातून मिळतं.

आणि माझा मुलगा वर्गात येत नाही. दोन वर्षांत एकदाही आला नाही. मी बोलावणंही सोडून दिलं होतं. मागच्या महिन्यात रात्री मी रविवारच्या धड्याची तयारी करत होतो. तो पाणी प्यायला उठला, माझ्यामागे थांबला आणि म्हणाला, ‘बाबा, हॅट जरा मागे घ्या, घाई करतेय.’ आणि झोपायला गेला. मी घेतली मागे. त्याचं बरोबर होतं. आमच्यात या विषयावर एवढंच बोलणं झालंय अजून.

तर मी कार्यकारिणीपुढे तीन गोष्टी मागायला उभा आहे. पहिली, यंदाच्या गणेशोत्सवात एका संध्याकाळी, आरतीनंतर, या मुलांना पंधरा मिनिटं द्यावीत. त्यांनी स्वतः बनवलेले ठेके, गुरुजींचा तबला बरोबर, सभागृहातल्याच स्पीकरवर. आवाजाचं बटण मुलांच्याच हाती राहील, आणि मी डेसिबल मोजायला बसेन. दुसरी, कुणाच्या घरी जुना पण चालू लॅपटॉप पडला असेल तर द्यावा. चौदा मुलं आणि तीन यंत्रं आहेत, मुलांचा अर्धा वेळ पाळीची वाट पाहण्यात जातो. तिसरी, मिरवणुकीत काय वाजणार हे ठरवायच्या बैठकीला या मुलांपैकी दोघांना बसवावं. निर्णय आपणच करू, पण तो होताना ती समोर असू देत. अनंत चतुर्दशीला आपल्या शहरात गिरण्यांच्या झांक्या रात्रभर निघतात. गिरण्या बंद पडल्या तरी झांक्या चालू आहेत, कारण त्या आपल्या आहेत असं मानणारी माणसं पुढे येत गेली. आपल्याकडेही ती यायला हवीत.

आणि एक गोष्ट मला मागायची नाही, द्यायची आहे. शेवटच्या रांगेतल्या मुलांनो, त्या दिवशी आवाज फार मोठा होता, हे मी आजही म्हणतो. तो कमी व्हायलाच हवा होता. पण मी तुमच्याशी एक शब्द न बोलता, गाण्याच्या मध्येच, सगळ्यांच्या देखत स्विच पाडला. ते चुकलं. मोठ्या माणसांसमोर केलेली चूक होती, म्हणून माफीही त्यांच्यासमोरच मागतो. मला माफ करा.

यंदा मंडपाच्या बल्ल्या उभ्या करायला हात कमी आहेत. याल तर बरं वाटेल.

 गणपती बाप्पा मोरया!